‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ दाखवायचाय? मग नंतरच्या वादाचीही तयारी ठेवा

‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ हा सिनेमा संपून दिवे लागले की खोलीत दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण जागचे हलत नाहीत, त्यांना इतक्यात बोलायचंच नसतं. बाकीचे चपला शोधायला लागलेले असतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा चपला शोधणाऱ्यांकडून येतं: “पण यात घडलं काय?” त्यावर न हललेल्यांपैकी कुणीतरी दुखावल्या आवाजात म्हणतं, “तुम्हाला कळलाच नाही.” झालं. या दोन वाक्यांनंतर चर्चा होत नाही, फक्त बाजू घेतल्या जातात.

आमच्या लहानशा गटात सिनेमे लावणं आणि नंतरच्या गप्पा सांभाळणं हे काम माझ्याकडे असतं. हा सिनेमा मला फार प्रिय आहे आणि तो न आवडणाऱ्यांचं म्हणणंही मला तितकंच मोलाचं वाटतं. त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्या सिनेमाच्या अगदी मर्माशी जातात. आवडणाऱ्यांचं कौतुक मात्र पुष्कळदा धूसर असतं: ‘काय वातावरण आहे’, ‘काय मूड आहे’. म्हणून न आवडण्यापासून सुरुवात करून चर्चा कशी घ्यायची, ते इथे लिहिते आहे. तुमच्या मित्रमंडळींत, कॉलेजात किंवा घरी चार जणांत हा सिनेमा लावणार असाल तर उपयोग होईल.

लावण्याआधी

माणसं दहा-बारा पुरेत. जास्त झाली की मोठ्या आवाजाची तीन-चार माणसंच बोलतात आणि या सिनेमाला हळू बोलणाऱ्यांची गरज असते.

सिनेमा 102 मिनिटांचा आहे. मध्यंतर ठेवू नका. मधोमध एक लांबलचक रात्र येते. बारमधून पळापळ, कुणाच्या तरी फ्लॅटवरची पार्टी, कॅराओके, मग टॅक्सीतून परतणं. ती रात्र तोडली की तिच्या आधीची आणि नंतरची शांतता दोन्ही वाया जातात. चहा आधी द्या किंवा नंतर द्या.

खोली खरोखर अंधारी हवी. छायालेखक लान्स अकॉर्ड यांनी बराचसा भाग टोकियो शहरात रात्री असेल त्या उजेडात, जास्त संवेदनशील फिल्मवर टिपला आहे. कपड्यांच्या कडा, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, टॅक्सीतून सरकणारे निऑनचे रंग हे सगळं काळ्याच्या अगदी जवळ राहतं. पडद्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडत असेल तर प्रेक्षकाला राखाडी चित्र दिसतं आणि तो साहजिकच कंटाळतो. आवाजाचंही तसंच. माणसं हळू बोलतात आणि शहर मोठ्याने बोलतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे साधत नाही.

आता सबटायटल्स. हे नीट तपासा, कारण सगळ्यात मोठी गडबड इथे होते. इंग्रजी संवादांना इंग्रजी सबटायटल्स खुशाल ठेवा, अमेरिकन उच्चार सगळ्यांना पकडता येत नाहीत. पण जपानी संवाद मुळात विनासबटायटल ठेवलेले आहेत, आणि तसेच राहू द्या. कुठून तरी उतरवलेल्या फाइलमध्ये कुणा उत्साही माणसाने जपानी वाक्यांचंही भाषांतर घातलेलं असेल, तर ती वापरू नका. बॉबला, म्हणजे टोकियोत आलेल्या अमेरिकन नायकाला, जे कळत नाही ते आपल्यालाही कळू नये, यावर अर्धा सिनेमा उभा आहे. त्या ओळींचा अर्थ चर्चेत सांगायचा आहे, पण तो नंतर.

ओळख करून देताना

मी चार वाक्यं बोलते. पन्नाशी ओलांडलेला एक अमेरिकन नट व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोत आला आहे. नुकतंच शिक्षण संपवलेली एक तरुणी फोटोग्राफर नवऱ्याबरोबर आली आहे, आणि नवरा कामावर गेला की खोलीत एकटी उरते. दोघं एकाच हॉटेलात आहेत आणि दोघांनाही झोप येत नाही. सिनेमा संथ आहे आणि तो न आवडला तर तसं मोकळेपणाने सांगायचं आहे.

शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने कंटाळलेल्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरतं.

काय सांगायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. 2003 साली आलेल्या या सिनेमाला पटकथेचं ऑस्कर मिळालं; तो लिहिणाऱ्या-दिग्दर्शित करणाऱ्या सोफिया कपोला यांना दिग्दर्शनाचंही नामांकन होतं; बिल मरे आणि स्कार्लेट जोहान्सन या दोघांना बाफ्टा हे ब्रिटिश पुरस्कार मिळाले; सुमारे 40 लाख डॉलरमध्ये, 27 दिवसांत चित्रीकरण उरकलं आणि जगभरात त्याच्या कितीतरी पट कमाई झाली. यातलं एक अक्षरही आधी सांगू नका. पुरस्कार ऐकून बसलेला प्रेक्षक कंटाळला तर त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर चिडतो. दोन्हींचा चर्चेला उपयोग नाही.

संपल्यावरची पहिली दहा मिनिटं

श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. मग प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा द्या आणि एकच गोष्ट लिहायला सांगा: लक्षात राहिलेला एक प्रसंग. मत लिहायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. ‘आवडला’ आणि ‘आवडला नाही’ हे शब्द अजून बाहेर यायला नकोत.

हे कागद वाचले की लगेच एक गंमतशीर गोष्ट दिसते. सिनेमा आवडलेली आणि न आवडलेली माणसं पुष्कळदा तोच प्रसंग लिहितात. खिडकीच्या कट्ट्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेली शार्लट (फोटोग्राफरची ती तरुण बायको), खाली पसरलेलं टोकियो, आणि काहीही न होणं. एकाच्या मते सिनेमातलं सगळ्यात सुंदर चित्र हेच, आणि दुसऱ्याने घड्याळात पाहिलं तेही नेमकं इथेच. हे दोन कागद शेजारी ठेवा आणि मोठ्याने वाचा. दोघांनी एकच गोष्ट पाहिली आहे, म्हणजे कुणाला ‘कळलं नाही’ असा प्रश्नच उरत नाही.

त्यानंतर बोलायची पहिली पाळी न आवडलेल्यांची. आधी चाहते बोलले की बाकीच्यांना स्वतःचा बचाव करावा लागतो. आधी तक्रार आली की चाहत्यांना पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा द्यायचा तर प्रसंग आठवावे लागतात. मला हवं असतं ते एवढंच, की बोलणं प्रसंगांवर यावं.

‘काहीच घडत नाही’

ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट या सिनेमाचे मोठे चाहते होते, आणि ‘यात काही घडतच नाही’ असं सांगणारी माणसं त्यांनाही वारंवार भेटत. तेव्हा कुणी असं म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका, त्याला दोन प्रसंग दाखवा. मी रिमोट हातातच ठेवते.

पहिला प्रसंग सुरुवातीचा आहे. शार्लट दिवसा एकटीच एका देवळात जाऊन आलेली आहे. हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून ती घरी, अमेरिकेत, मैत्रिणीला फोन करते. सांगते की देवळात गेले होते, भिक्षू मंत्र म्हणत होते, आणि मला काहीच वाटलं नाही. आवाज कापायला लागतो. नवऱ्याविषयीही काहीतरी बोलते, आपण कुणाशी लग्न केलंय तेच कळत नाही अशा अर्थाचं. पलीकडून मैत्रीण म्हणते, एक मिनिट थांब हं. शार्लट थांबते. डोळे पुसते. मैत्रीण परत येते आणि विचारते, काय म्हणत होतीस? शार्लट म्हणते, काही नाही, नंतर बोलू.

हा प्रसंग थांबवून मी विचारते: मैत्रीण वाईट आहे का? सहसा सगळेच नाही म्हणतात. तिच्याकडे दिवसाची वेगळीच वेळ आहे, कुणीतरी हाक मारली असेल, तिला वाटतंय शार्लट जपानमध्ये मजेत आहे. कुणाचीच चूक नाही, आणि तरी एका माणसाचं सांगायचं राहून गेलं. ‘घडलं काय’ या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. सांगायचं राहून गेलं, हे घडलं.

दुसरा प्रसंग बराच पुढे येतो. शार्लट आगगाडीने एकटीच क्योतोला जाते. नानझेन-जी या मंदिराच्या आवारात चालताना तिला एक लग्नाची मिरवणूक दिसते. पारंपरिक वेशातली वधू, बरोबर चार माणसं, वर पुढे हात करतो आणि वधू त्या हातावर आपला हात ठेवते. शार्लट लांबून बघते. पुढे ती एका झाडाला इच्छेची कागदी पट्टी बांधते. संवाद नाही. या वेळी ती कुणालाही फोन करत नाही.

दोन्ही लागोपाठ दाखवा. तेच देऊळ-दर्शन, तीच एकटी मुलगी, आधी काही न वाटलेली आणि आता हात बघत उभी राहिलेली. मधल्या वेळात तिच्यात काहीतरी सरकलं आहे आणि सिनेमाने ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही. ज्यांना कंटाळा आला होता त्यांतले काही जण इथे पुढे सरकून बसतात. काही जण म्हणतात, हो, बदल आहे, पण तो माझ्यापर्यंत पोचवायचं काम दिग्दर्शिकेचं होतं, मी रिमोट घेऊन का शोधायचं? हे म्हणणं मी खोडत नाही. प्रेक्षकाकडून किती काम मागायचं यावर खरोखर दोन मतं असू शकतात, आणि वाद तिथपर्यंत आला म्हणजे तो चांगल्या जागी आला.

लिफ्टची जोडीही अशीच काढता येते. बॉब आणि शार्लट पहिल्यांदा एकमेकांसमोर येतात ते लिफ्टमध्ये, माणसांच्या गर्दीत. शेवटच्या रात्री ते लिफ्टमध्येच एकमेकांचा निरोप घेतात, अवघडून, गाल नेमका कुठे न्यावा ते न कळून. मधे एका रात्री पलंगावर पडल्या पडल्या तो तिला सांगतो की मी तुला पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाहिलं. तिला आठवत नाही. ती विचारते, मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या का? तो म्हणतो, नाही, तू हसलीस. ज्याच्या कागदावर लिफ्ट असेल त्याला हे आठवून सांगायला लावा.

‘श्रीमंतांचं दुःख’

आमच्या गटात कामासाठी वर्षानुवर्षं हॉटेलांत राहिलेले एक काका आहेत. ते म्हणाले, झोप न येणं खरं आहे, पण वीस लाख डॉलर घेऊन पार्क हयातमध्ये झोप न येण्याचं इतकं कौतुक कशाला? जाहिरातीचा हा आकडा बॉब स्वतःच बारमध्ये सांगतो. हॉटेलही खरं आहे, टोकियोतल्या शिंजुकू भागात, वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या उंच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यांवर असलेलं, 1994 साली सुरू झालेलं. तो बार 52व्या मजल्यावर आहे.

हा आक्षेप आला की मी त्या सुखसोयींकडेच बोट दाखवते. सकाळी पडदे आपोआप उघडतात आणि नीट न झोपलेल्या बॉबच्या तोंडावर ऊन येतं. पहाटे चार वाजता फॅक्स मशीन किरकिरत बायकोचा निरोप बाहेर ढकलतं: घरात कपाटं कुठली लावायची. पुढे गालिच्याच्या तुकड्यांचं पार्सल येतं, सगळे जवळजवळ एकाच लाल रंगाचे, त्यातून एक निवडायचा. आराम भरपूर आहे, पण त्यातली एकही गोष्ट त्याला विचारून होत नाही. हे दाखवल्यावर काका म्हणाले, “गालिच्याचं पटलं. बाकी नाही.” मला तेवढं पुष्कळ वाटतं.

इथेच एक माझी स्वतःची तक्रार मी मांडते. बॉबची बायको लिडिया पडद्यावर कधीच दिसत नाही, फक्त फोनवरचा आवाज आणि फॅक्सचा कागद. मुलं तिच्याकडे, घराचं काम तिच्याकडे, आणि सिनेमात ती येते ती नेहमी चुकीच्या वेळी. पंचवीस वर्षांच्या लग्नाची दुसरी बाजू सिनेमाला ऐकायचीच नाही. सूत्रसंचालकाने आपली नाराजी अशी मोकळेपणाने सांगितली की बाकीच्यांना धीर येतो.

जपानविषयीचा आक्षेप

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. हा आक्षेप गंभीर आहे आणि सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हापासून घेतला गेला आहे. 2004 च्या ऑस्करआधी अमेरिकेत एशियन मीडियावॉच या गटाने ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सदस्यांना या सिनेमाला मत देऊ नका असं आवाहन केलं होतं. म्हणणं असं की जपानी माणसं इथे विनोदासाठी आहेत: बुटकी, विचित्र उच्चार करणारी, अति-नम्र.

उदाहरणं सिनेमातच आहेत: लिफ्टमध्ये सगळ्यांच्या वर निघालेलं बॉबचं डोकं, त्याच्या उंचीला न पुरणारा शॉवर, आणि खोलीत पाठवलेल्या बाईचा इंग्रजी उच्चारावरून केलेला विनोद. तो शेवटचा प्रसंग मला आजही खटकतो. चर्चेत मी त्याचा बचाव करत नाही आणि तुम्हीही करू नका. चांगल्या सिनेमात एक वाईट प्रसंग असू शकतो, आणि चाहत्यांनी तो मान्य केला की समोरच्याचा आवाज खाली येतो.

पण जाहिरातीच्या चित्रीकरणाचा प्रसंग वेगळा आहे. तो परत लावा, सावकाश बघा. बॉब संटोरी व्हिस्कीचा ग्लास घेऊन खुर्चीत बसला आहे. तरुण जपानी दिग्दर्शक हातवारे करत बराच वेळ बोलतो. दुभाषी बाई सांगते, एवढंच: वळा आणि कॅमेऱ्याकडे बघा. बॉब विचारतो, इतकंच म्हणाला का तो? मग विचारतो, उजवीकडून वळू की डावीकडून? बाई तो प्रश्न जपानीत लांबच लांब करून विचारते. दिग्दर्शक वैतागून आणखी लांब उत्तर देतो. बाई म्हणते: उजवीकडून, आणि उत्कटतेने.

जपानी न येणाऱ्या प्रेक्षकाला दिग्दर्शक बडबड्या वाटतो. आमच्याकडे एकदा जपानी शिकलेली एक मुलगी होती. तिने तिथल्या तिथे अर्थ सांगितला आणि खोलीचा सूरच पालटला. दिग्दर्शक म्हणत असतो, तुम्ही तुमच्या अभ्यासिकेत निवांत बसलेले आहात, टेबलावर बाटली आहे; हळूच, मायेने कॅमेऱ्याकडे बघा, जुना मित्र भेटल्यासारखं; ‘कासाब्लांका’तला बोगार्ट आठवा. ही उत्तम सूचना आहे. कुठल्याही नटाला ती मिळाली तर तो आभार मानेल. त्या खोलीत बॉबला समजून घेऊ पाहणारा एकमेव माणूस हाच, आणि त्याचं बोलणं मधेच गळून जातं.

हे कळल्यावर दोन्ही बाजूंना नवं काही मिळतं. चाहते म्हणतात, बघा, हसू दिग्दर्शकावर नाही, त्या दोघांच्या चुकामुकीवर आहे. आक्षेप घेणारे म्हणतात, पण ज्याला जपानी येत नाही त्याला हे कळायचा मार्गच ठेवलेला नाही, तो तर दिग्दर्शकालाच हसणार. माझ्या मते दोन्ही खरं आहे. सिनेमाने आपल्याला बॉबच्या कानात बसवलं आहे. त्या कानाला जे ऐकू येत नाही त्याची किंमत जपानी पात्रांनी मोजली आहे. हॉस्पिटलच्या प्रसंगातही तेच. शार्लटच्या पायाच्या काळ्यानिळ्या बोटावर डॉक्टर गंभीरपणे बरंच बोलतात आणि ते तसंच हवेत राहतं. बाहेर बॉबशेजारी बसलेला म्हातारा मात्र हातवाऱ्यांनी काहीतरी विचारत राहतो, आणि बॉब खरोखर प्रयत्न करून उत्तर देऊ बघतो. मला हा प्रसंग आवडतो, कारण तिथे दोघंही सारखेच अडलेले आहेत.

हा भाग घेताना एक पथ्य पाळा. ‘त्या काळी असंच चालायचं’ हे वाक्य कुणी टाकलं तर ते तिथेच थांबवा. आक्षेप त्याच काळात, त्याच महिन्यांत घेतला गेला होता.

शिंजुकू आणि शिबुयाचे रस्ते, आगगाड्या, गेम पार्लर यांतलं बरंचसं चित्रीकरण लहान चमूने, काही ठिकाणी तर परवानगीशिवाय, पटकन उरकलेलं आहे. मागे दिसणारी माणसं पुष्कळदा खरोखर रस्त्यावरून जाणारी आहेत. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायला सांगा. त्यांना कुणी विचित्र बनवलेलं नाही, ती आपल्या कामाला निघालेली आहेत.

वय

हा विषय कुणी ना कुणी काढतंच, आणि हळू आवाजात काढतं. बॉब झालेले मरे चित्रीकरणाच्या वेळी 52 वर्षांचे होते, शार्लट झालेल्या जोहान्सन 17 वर्षांच्या. शार्लटचं पात्र जोहान्सनहून मोठं, विशीतलं आहे, तरी आकडा ऐकला की माणसं सावरून बसतात. पहिलाच शॉट पाठमोऱ्या, अंतर्वस्त्रातल्या शार्लटचा आहे आणि तो बराच वेळ टिकतो. कपोला यांनी तो जॉन कासेर या चित्रकाराच्या चित्रांवरून घेतला. आमच्यातल्या बायकांना तो सहसा आवडत नाही, मलाही त्याची गरज कळलेली नाही.

आकडे लपवू नका. ते सांगून मग पलंगावरचा प्रसंग लावा. दोघं सगळे कपडे घातलेले, पांघरुणावर पडलेले. कॅमेरा वरून बघतो. बॉब उताणा, शार्लट त्याच्याकडे तोंड करून, पाय पोटाशी घेतलेली. ती विचारते, हे पुढे सोपं होतं का? तो आधी नाही म्हणतो, मग हो म्हणतो. लग्नाबद्दल बोलणं होतं, मुलांबद्दल होतं. बोलता बोलता तिच्या पावलांचा स्पर्श त्याच्या बाजूला होतो. डोळे मिटत आलेले असताना तो तिच्या पावलावर हात ठेवतो आणि म्हणतो, तू काही वाया गेलेली नाहीस. पडदा काळा होतो.

यानंतर मी काही बोलत नाही. ज्यांना हे नातं बापलेकीसारखं वाटतं ते तसं सांगतात, ज्यांना प्रेम वाटतं ते तसं, आणि ज्यांना एका थकलेल्या पुरुषाची सोय वाटते तेही बोलतात. तिघांनाही पुरावा त्याच हातात दिसतो. बॉब हॉटेलातल्या गायिकेबरोबर रात्र घालवतो आणि दुसऱ्या दिवशी जेवताना शार्लट त्याला टोचून बोलते, ते इथे आठवून द्या. निव्वळ मैत्री असती तर ते जेवण इतकं कडवट झालं नसतं.

कानातलं वाक्य

शेवटी बॉब विमानतळाच्या वाटेवर असतो, गर्दीत पाठमोरी शार्लट दिसते, तो गाडी थांबवून उतरतो, तिला मिठी मारतो आणि कानात काहीतरी सांगतो. आपल्याला ते ऐकू येत नाही. ते संवाद म्हणून लिहिलेलं नव्हतं.

इंटरनेटवर तो आवाज वाढवून, गाळून ‘खरं वाक्य’ सांगणाऱ्या फिती सापडतात. चर्चेत त्या लावू नका. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा: ते वाक्य तुम्हाला ऐकायचं आहे का, आणि ऐकलं तर आधीच्या शंभर मिनिटांत काय बदलेल? शार्लटच्या फोनचा प्रसंग ज्यांच्या लक्षात आहे ते इथे चटकन जोडतात: तिथे तिचं बोलणं कुणी ऐकलं नाही, इथे कुणीतरी फक्त तिच्याशी बोलतंय. ज्यांना सिनेमा आवडला नव्हता त्यांतले पुष्कळ जण म्हणतात, मला ऐकायचं आहे, मी तिकिटाचे पैसे दिलेत. त्यांची ही मागणी रास्त आहे, असं चाहत्यांना स्पष्ट सांगा.

थांबायचं कुठे

हात वर करून मतं मोजू नका. कौल घेतला की इतका वेळ प्रसंगांवर बोललेली माणसं परत आपापल्या कोपऱ्यात जातात. कागदाचे तुकडे जमा करा, प्रत्येकावर नाव घाला आणि ठेवून द्या.

पुन्हा बघायला कुणाला गळ घालू नका. न आवडलेल्याला ‘आणखी पाच वर्षांनी बघ’ असं सांगणं अपमानाचं आहे. त्याने बघितलं, त्याचं मत झालं. पण काही महिन्यांनी कुणी आपण होऊन विचारलंच, तर त्याचा जुना कागद त्याला द्या आणि या खेपेस तो एकच प्रसंग आधी लावा. मग तो म्हणाला, तर पूर्ण सिनेमा.